दरडप्रवण गावांच्या यादीस खुले पत्र

यादीबाई,

कागदाने कधी कुणाला गाडलंय का, असं म्हणून लोक तुला सोडून देतात. मी सोडणार नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाखालची ठाकरांची वाडी डोंगराने गिळली, आणि सरकारने विधिमंडळात सांगितलं, ‘इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती.’ म्हणजे चूक झाली ती डोंगराची. तुला न विचारता सुटला!

वस्ती २२८ माणसांची. २७ मृतदेह हाती लागले. ५७ जण सापडलेच नाहीत आणि चौथ्या दिवशी शोध थांबला. वर जायला फक्त पायवाट, त्यामुळे जेसीबी खालीच राहिले. भर पावसात, चिखलात घसरत, माणसं फावडी-घमेली घेऊन माणसं शोधत होती. त्यांच्या हातात तू नव्हतीस. असतीस तरी काय उपयोग होता?

तू बनतेस कशी, तेही सांगते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशभरातल्या दरडींच्या शक्यतेचे नकाशे केले, ते १:५०,००० प्रमाणावर. कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. शंभर मीटरची वाडी त्यात दोन मिलिमीटरची होते, पेन्सिलीच्या टोकाखाली झाकून जाईल एवढी. नकाशाला मी दोष देत नाही. कोणत्या पट्ट्यातले उतार कच्चे, एवढंच ढोबळ सांगायला तो केलाय. त्यानंतर वाडीवर चढून बघणं हे जिल्ह्याचं काम. कातळावर मुरमाचा थर किती जाड आहे, वरच्या अंगाला नवी भेग पडलीय का, झाडं कलली का, जोत्याला तडा गेलाय का, एरवी नितळ असणारा झरा अचानक गढूळ झाला का. यातलं निम्मं तिथली म्हातारी बसल्या जागी सांगेल. पण तिला विचारायला वर कोण जातं? तुझ्यात गावांची नावं येतात, आणि त्या नावांखाली वाड्या-पाडे बुडून जातात.

बरं, ज्यांची नावं तुझ्यात आहेत त्यांचं तरी काय? पावसाळा तोंडावर आला की घरोघर नोटीस जाते, ‘सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे.’ ते स्थळ कुठलं, हे नोटिशीत नसतं. गुरं, भाताची रोपं आणि म्हातारी माणसं घेऊन चार महिने कुणाच्या दारात जायचं?

माळीणला ३० जुलै २०१४ ला १५१ माणसं गेली. गाव जागेवर नाही हे बाहेरच्या जगाला कळलं एसटीच्या चालकामुळे. २२ जुलै २०२१ ला महाडमधलं तळिये गेलं. दरवेळी फेरसर्वेक्षणाची घोषणा झाली. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ पासून सांगतोय, की जिल्ह्याचा आराखडा दरवर्षी तपासून सुधारा. त्यासाठी आधी कुणीतरी मरावं लागतं, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही.

तेव्हा पुढच्या जूनच्या आत तुझ्यात प्रत्येक वाडी, पाडा, धनगरवाडा स्वतंत्रपणे आला पाहिजे. प्रत्येक नावासमोर वर चढून बघून आलेल्याचं नाव आणि तारीख हवी, आणि मुसळधार पावसात ती माणसं नेमक्या कुठल्या छपराखाली जाणार, तेही हवं. हा शेवटचा रकाना रिकामा असेल, तर तुझ्यावर जिल्हाधिकाऱ्यांची सही होता कामा नये.

– डोंगराखाली राहणारी एक