दप्तरी दाखल

कुणाला पक्ष्यांचा छंद असतो, कुणाला गडकोटांचा. मला मात्र ऐन उमेदीत कचेरीच्या कार्यपद्धतीची आवड जडली, आणि ही आवड चारचौघांत बोलून दाखविण्याजोगी नाही हे कळण्याइतपत व्यवहारज्ञानही तिच्या पाठोपाठच आले. रखडलेल्या कामाविषयी कुणी संतापाने बोलू लागला, की बैठकीतील साऱ्या माना सहानुभूतीने डोलू लागतात. अशा वेळी तो कागद या क्षणी कोणत्या टेबलावर विसावला असेल आणि तेथे त्याच्या समासात कोणता शेरा उमटत असेल, या कल्पनेत रमून गेलेला मी तेवढा एकटा उरतो.

सामान्य माणसाची समजूत अशी असते, की मामलेदार कचेरीत अर्ज दिला म्हणजे तो मामलेदारांकडे जातो. तसे काही नसते. अर्ज प्रथम बारनिशीत जातो. तेथे त्याच्यावर गोल शिक्का बसतो, त्याला आवक क्रमांक मिळतो, आणि तोवर नुसता एक तक्रारखोर कागद असलेल्या त्या अर्जाला जन्मतिथी प्राप्त होते. पुढे संबंधित कारकून त्याला आपल्या कार्यविवरणात उतरवून घेतो आणि टिपणी लिहावयास बसतो. टिपणीचा कागद उभा दुमडून समास सोडण्याची रीत आहे, आणि या समासाच्या रुंदीवरून कारकुनाच्या विनयाचे मोजमाप करावे असे माझे मत आहे: स्वतःचे म्हणणे एका अंगास दाटीवाटीने, आणि दुसऱ्या अंगास वरिष्ठांच्या प्रतिभेसाठी मोकळे मैदान. मजकुरात कुणीही काहीही करीत नाही. अर्ज आल्याचे दिसून येते, अहवाल मागविण्यात येतो, तो अद्याप प्राप्त न झाल्याचे निदर्शनास येते, आणि अखेरीस प्रकरण आदेशार्थ सादर होते. कर्तृत्वाचा अभिमान इतक्या पूर्णपणे गळून पडलेला मी कोणत्याही मठात पाहिलेला नाही. मग अव्वल कारकून, ज्यांना साऱ्या तालुक्यात भाऊसाहेब म्हणतात, ते खाली स्वाक्षरी करतात, आणि रावसाहेब, म्हणजे मामलेदार, 'चर्चा करावी' असे लिहून कागद परत खाली धाडतात. चर्चा होते. कागद 'चर्चेनुसार फेरसादर' म्हणून पुन्हा वर चढतो. त्या चर्चेत काय ठरले हे कागदावर कधीच उतरत नाही. ती झाली, एवढेच उतरते.

ज्याला घाई आहे त्याला हे सारे असह्य होते, हे मला मान्य आहे. पण विलंबित ख्याल ऐकावयास बसलेल्या माणसाने पहिल्याच आवर्तनात घड्याळाकडे पाहिले, तर दोष गवयाचा म्हणता येणार नाही. लॉर्ड कर्झनसारख्या कर्तबगार व्हाइसरॉयनेही फाईलीच्या या संथ भ्रमणाची तुलना पृथ्वीच्या दैनंदिन परिवलनाशी केली होती, आणि ती अर्थातच थट्टेने केली होती. पृथ्वी फिरते म्हणूनच उजाडते, हा भूगोलाच्या पहिल्या पुस्तकातील धडा त्या प्रसंगी त्यांच्या ध्यानात नसावा.

माझ्या या आवडीला खरा बहर आला तो एका माठामुळे. उन्हाळ्याच्या तोंडी आमच्या कचेरीतील माठ फुटला, आणि भाऊसाहेबांनी शांतपणे त्याच्या निर्लेखनाची टिपणी लिहावयास सांगितली. कारण जुना माठ जडसंग्रह नोंदवहीतून रीतसर कमी झाल्यावाचून नव्या माठास तेथे जागा होत नाही, आणि नव्याच्या खरेदीसाठी तीन दरपत्रके लागतात. गावात कुंभार एकच होता, सबब दोन दरपत्रके शेजारच्या गावांहून मागविणे प्राप्त झाले. आमच्याकडे तेव्हा पुण्याहून एक पदवीधर तरुण कारकून म्हणून नव्यानेच रुजू झाला होता. त्याला हा सारा प्रकार ऐकून हसू आवरेना. "भाऊसाहेब, आठ आण्यांची तर वस्तू! उद्या येताना मीच घेऊन येतो की," असे म्हणून त्याने दुसऱ्या दिवशी बाजारातून एक सुरेख माठ खरोखरच आणला आणि तिवईवर ठेवून दिला.

तो माठ दुपारपर्यंत कोरडाच राहिला. तरुणाने शिपायाला विचारले, तेव्हा शिपाई अदबीने म्हणाला, "साहेब, माठ सरकारी असेल तर वहीत दाखवा, म्हणजे भरतो. आपला खाजगी असेल, तर तो कचेरीत कशापायी? उद्या माझ्या हातून फुटला, तर भरपाई सरकारजमा करायची का तुमच्या हातात द्यायची?" या प्रश्नास विश्वविद्यालयीन शिक्षणात उत्तर नव्हते. तरुणाने माठ सरकारास देणगी म्हणून देऊ केला. भाऊसाहेबांनी चष्मा पुसत सांगितले, की कल्पना स्तुत्य आहे, मात्र ती देणगी सरकारने स्वीकारावी किंवा कसे, याविषयी प्रांतसाहेबांना लिहावे लागेल. शेवटी तो स्वतःच त्यात पाणी भरी, स्वतःच पिई, आणि बाकीची कचेरी तहान लागली की समोरच्या हॉटेलात जाई. बिननोंदीचे पाणी कुणाच्या घशाखाली उतरेना. मंजुरी भर मे महिन्यात आली. हे मुद्दाम नमूद करतो, कारण अशा गोष्टींत मंजुरी पावसाळ्यात आली असे लिहिण्याचा विनोदी लेखकांत प्रघात आहे. नव्या माठावर चुन्याने क्रमांक घालण्यात आला, आणि त्या दिवशी त्या तरुणासह साऱ्यांनी आवश्यकतेपेक्षा अधिक पाणी प्यायले. जुन्या माठाची खापरे मात्र चिठ्ठी लावून गोणपाटात जपून ठेवली होती. दप्तर तपासणीस आलेल्या साहेबांनी ती फरशीवर मांडून पाहिली आणि शेरा दिला: 'काठाचा तुकडा आढळत नाही. खुलासा व्हावा.'

येथवर वाचून कुणी म्हणेल, की यात हसण्यापलीकडे काय आहे? आहे. कार्यपद्धती ही समोर उभ्या असलेल्या माणसासाठी नसतेच. ती गैरहजर माणसासाठी असते. समोरचा मनुष्य आपले म्हणणे मांडावयास समर्थ असतो, किंबहुना अतिसमर्थ असतो. जमिनीच्या फेरफाराचेच पाहावे. बाप वारला, आणि गावी राहणारा थोरला भाऊ तलाठ्याकडे येऊन म्हणाला, की आता माझे एकट्याचे नाव लावा. आमच्या वेळी तलाठी गाव नमुना 6 मध्ये नोंद धरी, सातबाऱ्यावर तिची खूण तूर्त पेन्सिलीने करी, चावडीवर नोटीस लावी, आणि हितसंबंधितांना हरकतीसाठी 15 दिवसांची मुदत देई. ती उलटल्यावर सर्कलने नोंद प्रमाणित केली, म्हणजे मग कोठे शाईचा उपयोग होई. थोरल्या भावाच्या लेखी हे 15 दिवस म्हणजे निव्वळ छळ असे. पण परळच्या गिरणीत पाळीवर उभा असलेला धाकटा भाऊ, आणि सासरी नांदत असलेली बहीण, यांची त्या कचेरीतील खुर्ची म्हणजेच ते 15 दिवस असत. पेन्सिल आणि शाई यांमधील त्या अवधीत किती घरे तुटता तुटता राहिली असतील, याचा हिशेब कोणत्याही नमुन्यात ठेवलेला नाही, ही माझी शासनाविषयीची एकमेव तक्रार आहे.

ही दृष्टी काही इंग्रजांनी आणलेली नव्हे. शिवछत्रपतींच्या पत्रांच्या अखेरीस 'मर्यादेयं विराजते' अशी एक लहानशी मोर्तब उमटलेली असते: मजकूर येथे संपला, याखाली कुणी आपल्या पदरची ओळ घुसडू नये. ज्या राजाच्या शब्दाखातर माणसे जीव देत, त्यालाही आपल्या पत्राच्या तळाशी उरलेल्या कोऱ्या जागेचा भरवसा वाटत नव्हता, यातच त्याचे थोरपण आहे. पत्र दप्तरी नोंदले गेल्याची खूण म्हणून 'बार' हा शेराही त्या काळचा. आमच्या बारनिशीच्या काळवंडलेल्या टेबलाचा वंश इतका जुना आहे, हे तेथे रांगेत उभ्या असलेल्यांना कुणी सांगत नाही.

पेशवाईतील कारकुनांनी तर कागद इतके लिहिले, की पुण्याच्या पेशवे दप्तरात त्यांचे हजारो रुमाल आजही बांधलेले आहेत. तूप किती, हरभरा किती, कोणत्या पागेस वैरण किती, हे मोडीत उतरविताना त्या बिचाऱ्यांच्या मनात इतिहास नव्हता, जमाखर्चाचा मेळ होता. पुढे पेशवाई गेली, 1852 च्या कायद्याने इनाम कमिशनास अधिकार मिळाले, आणि मिशा पिळणाऱ्या इनामदारांच्या सनदांचा खरेखोटेपणा याच रुमालांशी ताडून पाहण्यात आला. म्हणजे राज्य बुडाल्यावरही त्याच्या कारकुनांची साक्ष चालूच राहिली. त्यानंतर रियासतकार सरदेसाई तेथे येऊन बसले आणि 1930 पासूनच्या थोड्याच वर्षांत त्यांनी त्यांतून निवडक कागदांचे 45 खंड काढले. पानिपताची वार्ता ज्या दप्तरात, त्याच दप्तरात तुपाची यादी; आणि संशोधक दोन्ही सारख्याच भक्तीने वाचतात.

कचेरीच्या कागदांची मात्र चार वर्गांत विभागणी होते: 'अ' कायमचे जपावयाचे, 'ब' 30 वर्षे ठेवावयाचे, 'क' त्याहून कमी, आणि 'ड' वर्षअखेरीस रद्दीत. निवृत्तीपूर्वी माझ्या ताब्यातील प्रकरणे अभिलेखागारात पाठविताना मी माठाचे प्रकरण हाती घेतले, निर्लेखनाची टिपणी, तिन्ही दरपत्रके आणि काठाच्या तुकड्याविषयीचा खुलासा, हे सारे पृष्ठांकित करून त्याला फीत बांधली, आणि वर ठळक अक्षरांत 'अ' लिहिले. तोच पुण्याचा तरुण तोवर अव्वल कारकून झाला होता. त्याने 'वर्गवारीचे कारण नमूद व्हावे' असा शेरा मारून ते परत केले. मी 'भावी संशोधकांच्या उपयोगार्थ' असे कारण नमूद करून फेरसादर केले. त्यावर त्याने 'चर्चा करावी' असे लिहिले. चर्चा झाली.