ढकलगाडीतलं पोर कुणाचं?

"अगं सुजाता, ते कपडे नंतर वाळत घाल, आधी इकडे ये. मार्टिन पार ठाऊक आहे ना, फोटोवाला? तो आपल्याच वॉलसीत राहायचा!"

"काय सांगता काकू! मला वाटलं, चार दिवस फिरायला आला असेल."

"छे गं! बायकोला लिव्हरपूलला नोकरी लागली म्हणून बिऱ्हाडच हलवलं. 1983 ते 1985, दर उन्हाळ्यात इथल्याच न्यू ब्रायटनच्या किनाऱ्यावर कॅमेरा घेऊन हजर. हे बघ त्याचं पुस्तक, 'द लास्ट रिसॉर्ट'. ही बया बघ, खोदकामाच्या भल्यामोठ्या यंत्राला खेटून खुशाल पालथी पडलीय उन्हात! आणि इथे कचरा ओसंडतोय, शेजारीच नवरा-बायको चिप्स खातायत."

"चेहरे किती लख्ख दिसतात पण!"

"भर दुपारी फ्लॅश मारायचा मेला. त्यात रंगीत फिल्म. तेव्हाचे इथले बहुतेक मातब्बर कृष्णधवलवाले, हाही आधी त्यातलाच."

"मला कुणी असं तोंडात घास असताना टिपलं ना काकू, तर कॅमेरा मर्सी नदीत बुडवीन."

"ही आइस्क्रीमवाली पोरगी बघ, कमरेवर हात ठेवून कशी रोखून बघतेय. खरी गंमत पुढेच आहे. लिव्हरपूलला हे फोटो लावले, कुणी हूं की चूं केलं नाही. 1986 मध्ये लंडनच्या सर्पेंटाइन गॅलरीत गेले आणि गहजब! म्हणे, गरिबांची टिंगल करतो."

"बँक हॉलिडेला अर्धं लिव्हरपूल इथे लोटतं, कचरापेट्या भरणारच. लंडनवाल्यांना काय कळणार?"

"तेही खरंच. पण त्या पालथ्या बाईला त्याने विचारलं असेल का, हे माझ्या मनातून जात नाही बाई. मॅग्नम ही फोटोग्राफरांची संस्था काढणाऱ्यांपैकी कार्तिए-ब्रेसाँ, त्यालाही हा माणूस रुचला नव्हता. 1994 मध्ये मॅग्नमने घेतलं, तेही काठावरच्या मतांनी."

"आणि या फोटोतला हा पोहायचा तलाव कुठेय हो?"

"तो 1934 चा. 1990 च्या वादळात मोडला, मग पाडूनच टाकला. ते जाऊ दे. ती कोपऱ्यावरची बाई सांगत फिरतेय, या ढकलगाडीतलं पोर म्हणजे मीच."

"असेलही!"

"असू दे की. पण मग चाळिशी उलटली तिची. गेल्या नाताळात मला पस्तीस सांगितलं होतं!"