वासे फिरत नाहीत

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, अशी आपली म्हण. ती रचणाऱ्याने कोलकात्याचं सॉल्ट लेक पाहिलेलं नसावं. तिथे मालक फिरतो, पासपोर्ट फिरतो, मालकाची जीभसुद्धा वळणं बदलते. वासे मात्र जागच्या जागी. संध्याकाळी केअरटेकर वर-खाली दिवे लावतो, घरात कोणीतरी राहतंय असं चोराला वाटावं म्हणून.

असं एक घर आमच्या दादांचं. कोलकात्यात एवढंच नाव पुरतं. दादा न्यू जर्सीत अमेरिकेचे नागरिक झाले. तिकडे शपथ पुरी झाली आणि इकडे 1955 च्या कायद्याने त्यांचं भारतीय नागरिकत्व संपलं. घर मात्र त्यांचंच राहिलं. वर सरकारने ओसीआय, म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ कार्ड दिलं. त्यात ‘नागरिक’ हा शब्द आहे, मताचा हक्क नाही. दादा फ्लॅट घेऊ शकतात, विकू शकतात, कर भरून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत रक्कम रीतसर परदेशी नेऊ शकतात. शेतजमीन मात्र विकत घेता येत नाही. वारसाने आली तर चालते. म्हणजे भाताचं खाचर हवं असेल, तर खिशात पैसे असून भागत नाही, घरातलं कोणीतरी जावं लागतं.

सॉल्ट लेकचा भूखंड तर 999 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. दलदलीत भराव घालून वसवलेल्या या उपनगराचा आराखडा युगोस्लाव्हियाच्या तोश्कोविच यांनी केला. तो युगोस्लाव्हिया नकाशावरून पुसला गेला. पट्ट्याची मात्र अजून नऊशेहून जास्त वर्षं बाकी आहेत. दादांनी आणखी चारपाच देश बदलले तरी काळजी नाही.

पथ्य एकच. देश सोडायचा तर विमानाने आणि पश्चिमेला. कोणाचे आजोबा सियालदहहून गाडीत बसून पूर्वेला गेले असतील, तर कार्डबिर्ड विसरा. 1965 च्या युद्धात पाकिस्तान शत्रू ठरला, तेव्हा ढाकाही पाकिस्तानातच होतं. त्यामुळे ढाक्याला गेलेल्याचं कोलकात्यातलं घर झालं ‘शत्रू मालमत्ता’. 1968 साली त्याचा खास कायदा आला. 2017 च्या दुरुस्तीने उरलीसुरली फट बुजवली: मूळ मालक वारला तरी मालमत्ता शत्रूचीच, त्याने पुन्हा नागरिकत्व बदललं तरी शत्रूचीच, आणि वारस जन्मापासून भारताचा नागरिक असला तरी त्याला वारसाहक्क नाही. सरकारी मोजणीत देशभर अशा 12,611 मालमत्ता; उत्तर प्रदेशाखालोखाल बंगालचा नंबर. त्यांचा राखणदार, म्हणजे कस्टोडियन, बरीच वर्षं बसला आपल्या मुंबईत. कोलकात्यात शाखा आहे. बंगालच्या वाड्यांची किल्ली मराठी मुलखात! आपण उगाच दिल्लीच्या तख्ताच्या गोष्टी सांगत बसतो.

मध्यंतरी 1971 साली ढाक्याशी आपली मैत्री झाली. हे फाइलला कळवायचं बहुतेक राहून गेलं.

पलीकडे तरी काय वेगळं? कोलकात्याला निघून आलेल्या हिंदूंची घरं पूर्व पाकिस्तानने 1965 सालीच ‘शत्रूची’ ठरवली. बांगलादेश स्वतंत्र झाला. शत्रू हा शब्द आता बरा दिसेना. मग 1974 पासून तीच घरं ‘अर्पित संपत्ती’ म्हणवू लागली. अर्पित! जणू मालकाने जाताना स्नान करून, फुलं वाहून घर सरकारचरणी ठेवलं होतं. परत देण्याचा कायदा व्हायला 2001 साल उजाडलं. ढाक्याचा शत्रू कोलकात्यात, कोलकात्याचा शत्रू ढाक्यात. दोघांनी घरांची अदलाबदल केली असती तर दोन्ही सरकारांचा केवढा कागद वाचला असता.

दादांचा केअरटेकर मूळ बरिशालकडचा. “आमचं घर तिकडे अर्पित झालं,” तो चहा ओतता ओतता म्हणाला. “तळं होतं, दोन आमराया होत्या.” पूर्व बंगालातून आलेल्या प्रत्येकाकडे एक तळं आणि दोन आमराया असतातच, यावरून मूळचे कोलकातेकर पिढ्यान् पिढ्या हसत आले आहेत. मीही हसणार होतो.

तेवढ्यात अंधारून आलं आणि तो उठून दिवे लावायला गेला. बरिशालच्या घरात दिवा कोण लावतं, हे विचारायचं राहून गेलं.