रुमाल कुणाचा, जागा कुणाची

विंडोज ९८ चालणारा संगणक आजच्या घरात ठेवायला सबळ कारण लागतं. माझ्याकडे ते आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस मी जे काही लिहिलं, ते सगळं त्या काळच्या एका मराठी फॉन्टमध्ये आहे. ते सॉफ्टवेअर उघडायचं तर संगणकाच्या पाठीमागे, प्रिंटरच्या पोर्टात, एक इलेक्ट्रॉनिक कुलूप खोचावं लागतं. नव्या लॅपटॉपला ते पोर्टच नाही. युनिकोडमधली देवनागरी विंडोजमध्ये आली ती २००० सालच्या आवृत्तीत. त्याआधीचं माझं साहित्य दुसऱ्या संगणकावर उघडलं, की पडद्यावर टोप्या घातलेली रोमन अक्षरं आणि उलटी प्रश्नचिन्हं दिसतात. समीक्षकांना कदाचित फरक जाणवणार नाही, पण मला जाणवतो.

म्हणून तो पेन्टियम थ्री आमच्या हॉलच्या कोपऱ्यात आहे. बायको त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवते. एकदा ती म्हणाली, "एवढी जागा अडवून बसलाय, तर निदान गाणी तरी म्हणू दे त्याला."

संगणकाने गाणी म्हणण्यात काय अवघड आहे, असं ज्याला वाटतं त्याचा जन्म अलीकडचा आहे. त्या काळी साउंडकार्ड वेगळं विकत घ्यावं लागे आणि बसवल्यावर त्याची सोयरीक जमवावी लागे. संगणकातल्या प्रत्येक उपकरणाला प्रोसेसरचं लक्ष वेधून घ्यायला एक ओळ लागते, तिला आयआरक्यू म्हणतात. या ओळी एकूण सोळा, शून्य ते पंधरा. हा सगळा कारभार एसटीसारखा आहे. शून्यावर घड्याळाचा ठोका, एकवर कीबोर्ड, सहावर फ्लॉपी, चौदा-पंधरावर हार्डडिस्क आणि सीडी, अशी बरीचशी आसनं आधीच राखीव. उरलेल्या दोन-चारांसाठी खिडकीतून रुमाल टाकायचे. साउंडकार्डाचा रुमाल बहुधा पाचवर नाहीतर सातवर पडतो. आणि सात नंबर हे प्रिंटर पोर्टाचं वडिलोपार्जित आसन आहे.

हे वाद आपण मिटवू, असं आश्वासन विंडोज ९५ ने दिलं होतं: उपकरण खोचा आणि वापरा. एप्रिल १९९८ मध्ये खुद्द बिल गेट्स व्यासपीठावर उभे असताना विंडोज ९८ चं प्रात्यक्षिक चाललं होतं. सहकाऱ्याने स्कॅनर खोचला आणि भल्यामोठ्या पडद्यावर निळा मृत्युलेख झळकला. म्हणूनच आम्ही हे अजून विक्रीला काढलेलं नाही, अशा अर्थाचं काहीतरी बोलून गेट्स यांनी वेळ मारून नेली. आणखी एक गोष्ट. विंडोज ९५ सुरू होताना वाजणारा तो प्रसिद्ध सूर ब्रायन ईनो या संगीतकाराने रचला, आणि तो आपण ॲपलच्या मॅकवर केला, असं त्याने पुढे सांगून टाकलं. माझ्यासारखं साउंडकार्ड त्याच्या वाट्याला आलं असेल, तर मी त्याला दोष देणार नाही.

माझं कार्ड कुठल्या कंपनीचं ते कार्डालाही ठाऊक नाही. 'साउंड ब्लास्टरशी सुसंगत' एवढीच त्याची ओळख. ते सात नंबरवर जाऊन बसलं आणि वाजूही लागलं. बायकोने बाबांसाठी यमन लावला. मी त्याच वेळी एक जुना लेख छापायला सोडला. प्रिंटर खर्रकन जागा झाला आणि बुवांची तान जागच्या जागी फिरू लागली.

याला शास्त्रीय कारण आहे. आवाजाचा छोटासा तुकडा मेमरीत ठेवलेला असतो, कार्ड तो वाजवतं आणि संपला की पुढचा मागतं. ही मागणी जाते आयआरक्यूवरून. तिथेच भांडण लागलं, तर मागणी पोचत नाही आणि कार्ड तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत बसतं. बाबांना हे कुठून माहीत असणार? त्यांनी डोळे मिटले होते आणि मान डोलत होती. बऱ्याच वेळाने त्यांनी एक डोळा उघडला. "तयारी दांडगी आहे. पण हा समेवर कधी येणार?"

थोडक्यात, घरात एकतर आवाज मिळणार होता किंवा मराठी. मराठी माणसापुढे हा पर्याय नेहमीच येतो, पण इतक्या स्पष्टपणे क्वचित. शेवटी कार्ड उपसून त्यावरची इवलीशी टोपी, म्हणजे जंपर, चिमट्याने उचलून सातवरून पाचवर नेली. पत्ता २२०, आयआरक्यू ५, डीएमए १. हे तीन आकडे त्या पिढीतल्या मुलांना पाढ्यांपेक्षा पक्के पाठ होते. यमन समेवर आला.

आता मेमरी. जुन्या संगणकाची मेमरी बिघडली की महाराष्ट्रात कुठेही पहिला उपचार एकच: पट्टी काढायची, तिचे सोनेरी दात खोडरबरने घासायचे आणि पुन्हा बसवायची. दातांवरचा मळ निघून संपर्क सुधारतो, त्यामुळे हा उपचार बरेचदा लागूही पडतो. पण माझा भाचा सुट्टीला आला आणि म्हणाला, "मामा, १२८ एमबी? माझ्या फोनमधला एक फोटोच दहा एमबीचा असतो!" मामाची अब्रू गेली.

मी लॅमिंग्टन रोड गाठला. तिथल्या एका गाळ्यात जुन्या रॅमची चौकशी केली, तर मालकाने मान वर न करता विचारलं, "साहेब, चालू पाहिजे का किलोवर?" जुन्या पट्ट्या भंगारात वजनाने जातात, कारण त्या दातांवरच्या सोन्याला भाव असतो. मी चालू मागितल्यावर त्याने पहिल्यांदा वर पाहिलं. २५६ एमबीच्या तीन पट्ट्या घेऊन मी घरी आलो. एकूण ७६८. विंडोज ९८ च्या दृष्टीने ही गडगंज श्रीमंती.

संगणक सुरू केला. पडद्यावर संदेश आला, त्याचा आशय असा: विंडोज सुरू करण्यास मेमरी अपुरी आहे, अनावश्यक कार्यक्रम काढून टाका.

भाचा म्हणाला, "मामा, १२८ होती तेव्हा पुरत होती ना?"

पुरत होती. बिघाड मेमरीत नव्हताच. विंडोज ९८ मध्ये व्हीकॅश नावाचा एक घटक असतो. डिस्कवरून वाचलेलं हाताशी ठेवणं हे त्याचं काम. त्यासाठी तो मेमरीतले पत्ते आधीच राखून ठेवतो, आणि जितकी रॅम जास्त तितके जास्त पत्ते. पण ज्या भागातून तो ते उचलतो तो आहे मोजका, एक जीबीचा, आणि त्यावर इतरांचाही हक्क असतो. ५१२ एमबीच्या पुढे रॅम गेली की हा गडी जवळजवळ सगळ्या बाकांवर रुमाल टाकतो. मग बाकीचे दारात उभे राहून गाडी भरली म्हणून ओरडतात, आणि आत अर्धी गाडी रिकामी. मायक्रोसॉफ्टचाच तोडगा असा: डॉसमध्ये उतरायचं, 'सिस्टिम डॉट आयएनआय' ही फाइल उघडायची, व्हीकॅशच्या मथळ्याखाली 'मॅक्सफाइलकॅश' असं लिहून बरोबरचं चिन्ह द्यायचं आणि जास्तीत जास्त ५२४२८८ हा आकडा घालायचा. हे झाले किलोबाइट, म्हणजे ५१२ एमबी. फाइल जतन करायची. विंडोज मुकाट्याने सुरू होतं.

मग भाच्याने डॉसच्या काळातला एक विमानांचा गेम लावला. गेम म्हणाला, ६०० केबी मोकळी हवी, तेवढी नाही. ७६८ एमबीच्या मालकाला हे ऐकावं लागलं! त्याचं मूळ १९८१ च्या आयबीएम पीसीत आहे. त्यातल्या प्रोसेसरला एकूण एक एमबी एवढंच दिसायचं. त्यातले वरचे ३८४ केबी पडदा आणि बायॉस यांच्यासाठी बाजूला काढले आणि कार्यक्रमांना उरले ६४०. पुढे रॅम हजारपट झाली, तरी डॉसचे कार्यक्रम त्या ६४० केबीतच दाटीवाटीने बसत राहिले. माउस आणि सीडी यांचे ड्रायव्हर तिथेच ठाण मांडून होते. 'कॉन्फिग डॉट सिस'मध्ये दोन-तीन ओळी घालून त्यांना वरच्या ३८४ मधल्या मोकळ्या फटींत पाठवलं, तेव्हा विमान उडालं. आवाजासकट.

या सगळ्या खटपटीतून माझं एक ठाम मत झालं आहे. जुन्या संगणकात सहसा कशाचीच टंचाई नसते. तिथे वाद असतो तो जागेचा, आणि जागेचा वाद नवीन माल आणून मिटत नाही. मी रॅम सहापट केली तेव्हा तो वाढला, आणि एका ओळीने मिटला. तेव्हा तुमच्याकडचा जुना संगणक मुका झाला किंवा मेमरी नाही म्हणून रडू लागला, तर बाजारात जाण्याआधी कोण कुठे बसलंय ते बघा.

आणि एक कळकळीची विनंती. जुन्या फॉन्टमध्ये तुमचं काही लेखन अडकलं असेल, तर ते आजच युनिकोडमध्ये आणून घ्या. रॅमची पट्टी खोडरबरने जागी होते. प्रिंटरच्या पोर्टातलं ते कुलूप एकदा मेलं, की त्यावर इलाज नाही.