उन्हात कसला फ्लॅश?

भर दुपारी बागेत कुणाचा फोटो काढायला कॅमेऱ्यावर फ्लॅश चढवला की जवळपासची एखादी मावशी हमखास विचारते, ‘‘अरे, एवढं लख्ख ऊन पडलंय, उजेड काय कमी आहे का?’’ प्रश्न रास्त आहे. बॅटरी अंधारात लावायची असते हे आपल्याला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक असतं. पण अंधारात कसंबसं निभावतं, खरी पंचाईत होते ती उन्हातच. माथ्यावर आलेला सूर्य भुवयांखाली दोन काळे खड्डे पाडतो, नाकाच्या सावलीने वरच्या ओठावर मिशी काढतो, आणि परवा साखरपुडा झालेली हसरी मुलगी आठवडाभर जागरण झाल्यागत दिसू लागते. त्या खड्ड्यांत थोडा उजेड भरायचा, एवढंच फ्लॅशचं काम.

काम एवढंच, पण गाठ कुणाशी? आपल्याकडे चार पेन्सिल सेल आणि समोर साक्षात सूर्यनारायण. जुने फोटोग्राफर मीटर न बघता सांगायचे : लख्ख उन्हात आयएसओ १०० असेल, तर छिद्र एफ १६ आणि शटर १/१००. आता बहुतेक कॅमेरे फ्लॅश लावल्यावर १/२०० किंवा १/२५० च्या पुढे जाऊ देत नाहीत. त्याहून वेगात शटरचे दोन पडदे एकाच वेळी पूर्ण उघडे नसतातच. एक सरकतोय तोवर दुसरा मिटायला निघालेला असतो, आणि फोटोत काळा पट्टा येतो. म्हणजे १/२०० ला छिद्र ११ वरच अडकलं. मागची झाडं विरघळवून टाकणारी २.८ ची लेन्स घ्यायला कर्ज काढलेलं असतं, त्याचे हप्ते मात्र चालू राहतात.

यावर तोड म्हणून हाय-स्पीड सिंक आहे. त्यात फ्लॅश एकदाच न चमकता अतिवेगाने लुकलुकत राहतो आणि शटर १/८००० पर्यंतही नेता येतं. फक्त त्या लुकलुकीत ताकद निदान चौथाईवर येते. ज्याच्याशी झुंजायचं त्याची ताकद तेवढीच राहते.

ताकदीचा आकडा खोक्यावर छापलेला असतो, त्याला गाइड नंबर म्हणतात. त्याला छिद्राच्या आकड्याने भागलं की किती मीटरवर उजेड पुरेल ते कळतं. ६० भागिले ११, म्हणजे साडेपाच मीटरला थोडं कमी. ऐकायला छान! पण हा ६० स्थळाच्या बायोडेटातल्या पगारासारखा असतो. बारीक अक्षरात ‘२०० मिमी झूमवर’ असं लिहिलेलं असतं. झूम ३५ वर आणा, वर उजेड मऊ करायला पांढरी छत्री लावा, की हातात येणारी रक्कम निम्म्याहून बरीच खाली जाते. लग्न झाल्यावर कळण्यापेक्षा आधी बारीक अक्षरं वाचलेली बरी.

मग घ्यायचा कुठला? कॅमेरा कंपनीचा स्वतःचा वरच्या दर्जाचा फ्लॅश घ्यायचा, तर त्या पैशात दुसऱ्या कंपनीचे कितीतरी येतात. महागडा फ्लॅश उजेड आपोआप मोजतो, टीटीएल म्हणतात ते. वरातीत धावणाऱ्या माणसाला ते हवंच. पण झाडाखाली उभं केलेलं जोडपं काही पळून जात नाही. (गेलंच, तर तो फ्लॅशचा प्रश्न नव्हे.) अशा ठिकाणी ताकद हाताने लावायचा साधा फ्लॅश पुरतो. गोडॉक्सचा टीटी६०० घ्या. रेडिओ रिसीव्हर त्याच्या पोटातच आहे. त्याचं हाय-स्पीड सिंक मात्र कॅमेऱ्यापासून दूर ठेवून, कॅमेऱ्यावर बसवलेल्या रेडिओ ट्रिगरने उडवला तरच चालतं. म्हणून ट्रिगरचे पैसे पहिल्याच दिवशी हिशेबात धरा. तो गोडॉक्सचाच, पण आपल्या कॅमेऱ्यासाठी बनवलेला घ्यायचा. निकॉनसाठीचा कॅननवर चालत नाही. फ्लॅश दूर हवा तो आणखी एका कारणाने : कॅमेऱ्याच्या डोक्यावरून समोर मारलेला उजेड चेहरा सपाट करतो.

माळ्यावरचा बाबांच्या वेळचा फ्लॅश काढायचा मोह टाळा. त्यातल्या काहींच्या पायाशी दोनशे व्होल्टच्याही वर दाब असतो. आजच्या कॅमेऱ्याच्या नाजूक सर्किटाला तो सोसेलच असं नाही.

सेलमध्ये कंजुषी नको. भिंतीवरच्या घड्याळातले काढून घातले, तर एका फुल पॉवरनंतर फ्लॅश आतून बारीक शीळ घालत बसतो, लाल दिवा काही लागत नाही, आणि तोवर नवरदेवाचं हसू आंबून जातं. चार्जिंगचे चांगले आठ घ्यावेत, चार आत, चार खिशात.

आणि फुकटातला उपाय : माणसंच सावलीत न्या. आंब्याखाली उजेड उन्हाच्या चौथाईहूनही कमी असतो, तिथे तोच स्वस्त फ्लॅश रुबाबात काम करतो. शटरने फ्लॅशच्या उजेडाला फरक पडत नाही, मागच्या आभाळाला पडतो. म्हणून १/२०० च्या आत खाली-वर करून मागचं हवं तेवढं गडद-फिकट करता येतं. छत्री मात्र मोकळी सोडू नका. सह्याद्रीच्या माथ्यावर वारा ती स्टँडसकट उचलतो. एखादा भाचा धरायला ठेवा. भाच्याला कुल्फी पुरते, आणि तो उजवीकडे सरक म्हटलं की सरकतो; स्टँड सरकत नाही.

मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात फ्लॅश घ्यायला गेलात, की दुकानदार डोक्यावर बसवायचं एक पांढरं प्लॅस्टिकचं टोपणही पुढे करील. त्याचा उपयोग खोलीत. उजेड भिंतींवर, छतावर आपटून परत येतो तिथे. उघड्यावर आपटायला काहीच नसतं, आणि टोपण उरलासुरला उजेडही खातं. फ्लॅशबरोबर फुकट मिळालं तर घ्या, वेगळे पैसे देऊ नका.