आखाड्याकडे पाठ

चैत्र लागला की इनामगावच्या पंचक्रोशीत यात्रा सुरू होतात. यात्रा म्हटली की कुस्त्यांचा हगामा आला, आणि हगामा म्हटला की तात्या आले. असे तात्या घोडनदीच्या दोन्ही काठांना, अलीकडे शिरूर तालुक्यात नि पलीकडे श्रीगोंद्यात, प्रत्येक यात्रा कमिटीत एक तरी असतात. त्यांनी कुस्ती कधी खेळलेली नसते. खरं म्हणजे बघितलेलीही नसते. खुर्ची आखाड्याच्या कडेला, पण तोंड माणसांकडे.

रेवड्यांच्या कुस्तीपासून शेवटच्या मानाच्या कुस्तीपर्यंत कोणी कोणाला कोणत्या डावावर पाडलं, हे त्यांना विचारू नये. पहिला फेटा कोणाला बांधला, आजी सरपंचांचं नाव माजींच्या आधी पुकारलं की नंतर, सोसायटीचे चेअरमन आमदारांच्या कोणत्या हाताला बसले, हे विचारावं. मागच्या सगळ्या यात्रांसकट हिशेब तोंडपाठ. "पडलेला पैलवान पुढच्या यात्रेला उठतो," तात्या म्हणतात, "फेट्यात मागं पडलेला माणूस निवडणुकीशिवाय उठत नाय."

त्यांचा पुतण्या पुण्यात समाजशास्त्र शिकतो. हगाम्यावर प्रबंध लिहायचा म्हणून वही घेऊन आला आणि आधी तात्यांनाच शिकवायला बसला. म्हणाला, "दुर्खीम नावाच्या फ्रेंच पंडितानं १९१२ साली सांगितलंय, माणसं एकत्र जमली की अंगात जो जोश संचारतो, तो त्यांना देवाचा वाटतो. खरं तर समाज स्वतःचीच पूजा करत असतो."

"म्हणून तर वर्गणी देवाकडं मागत नाय, समाजाकडं मागतो."

मग पुतण्यानं क्लिफर्ड गीर्ट्झ काढला. हा अमेरिकन १९५८ मध्ये बालीत कोंबड्यांच्या झुंजी बघत होता. १९७२ च्या निबंधात त्यानं लिहिलं, की पैज पैशाची दिसते, पणाला इभ्रत लागते. भावकीच्या कोंबड्याविरुद्ध तिथं सहसा कोणी पैसे लावत नाही.

"ह्यात शोध कसला? आपल्या आळीचा पोरगा पाठीवर पडत आला तरी शंभराची नोट त्याच्याच नावानं पुकारावी लागते."

"पण तात्या, झुंजीवर पोलिसांची धाड पडली, तेव्हा तो बायकोसकट गावकऱ्यांबरोबर पळाला. त्या दिवसापासून गावानं त्याला आपला मानलं."

"हुशार गडी! पावती न फाडता गावकीत शिरला."

शेवटचा उपाय म्हणून पुतण्या घरच्या पुराव्यावर आला. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ इनामगावात उत्खनन केलं. त्यात एक पाच खोल्यांचं घर निघालं, ते गावप्रमुखाचं असावं असं अभ्यासकांनी म्हटलं. तिथले लोक प्रौढांना पुरताना पाय घोट्यापासून तोडत. त्याच घराच्या अंगणात मात्र चार पायांच्या मातीच्या रांजणात एक पुरुष बसवलेला सापडला, दोन्ही पाय शाबूत.

तात्या पहिल्यांदाच खुर्चीत सरसावले. "म्हंजे तीन हजार वर्षांपूर्वीपासून पहिला फेटा ठरलेलाच की! आणि दुसरा कोणाला होता?"

त्या वर्षी शेवटच्या कुस्तीला दोन देणगीदारांची रक्कम सारखी निघाली. दोघांची भावकी उठून उभी राहिली. तात्यांनी हलगी वाढवायला सांगितली, एकाला डाव्या पैलवानाचा हात धरायला लावला, दुसऱ्याला उजव्याचा, आणि फोटो काढून घेतला. कुस्ती अर्धा तास चालून बरोबरीत सुटली. पब्लिक चिडलं. तात्या निवांत. पुतण्यानं विचारलं, "निकाल?" तात्यांनी फोटो दाखवला. "लागला की. दोघंबी पुढच्याच ओळीत हायेत."

पुढे प्रबंध पुरा झाला, बांधून तात्यांच्या हातात आला. त्यांनी दुर्खीम ओलांडला, गीर्ट्झ ओलांडला आणि ऋणनिर्देशाचं पान काढलं. आधी मार्गदर्शक, मग विभागप्रमुख, मग ग्रंथपाल, मग तात्या.

"चौथा?"

"तात्या, विद्यापीठात हाच क्रम असतो. विभागप्रमुखांचं नाव खाली गेलं तर पुढं जड जातं."

तात्यांचा चेहरा उजळला. "आरं, मग एवढ्या लांब हगामा बघायला कशाला आलास?"