मनोऱ्याला ओळंब्यात आणण्याची शास्त्रोक्त पद्धत

उंच इमारतीचा फोटो काढणाऱ्याच्या हातून बहुधा एकच अपराध घडतो : इमारत मागे पडते. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर घ्या. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी मुंबईत पाऊल न टाकता त्याचा आराखडा केला, प्रेमचंद रायचंद यांनी पैसा पुरवला आणि १८६९ ते १८७८ अशी तब्बल नऊ वर्षे गवंड्यांनी ओळंबा लावून लावून ८५ मीटरांचा मनोरा उभा केला. समोर उभा राहिलेला हौशी छायाचित्रकार शेंडा फ्रेममध्ये मावावा म्हणून कॅमेरा जरासा वर करतो, आणि नऊ वर्षांचे काम सेकंदाच्या शंभराव्या भागात वाया जाते. मनोरा वर निमुळता होतो आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या अंगावर रेलतो. हा प्रकार टाळण्यासाठी, आणि टळला नाही तर निस्तरण्यासाठी, पुढील मार्गदर्शन आहे. त्यामागची भूमिका आधीच सांगून टाकतो : इमारत सरळ करणे हा सत्याचा प्रश्न नसून शिष्टाचाराचा आहे. एवढे ज्याला पटले, त्याला बाकीची कृती अवघड नाही.

प्रथम निदान. मनोऱ्याच्या उंचीइतक्या, म्हणजे ८५ मीटर अंतरावर उभे राहिल्यास पायथा ८५ मीटरांवर असतो, पण शेंडा सुमारे १२० मीटरांवर. तो साधारण १.४ पट दूर आहे. कॅमेरा २२ अंश वर उचलला, की सेन्सर भिंतीशी समांतर राहत नाही आणि दूरची गोष्ट लहान दिसते हा जुना नियम फोटोत उघडा पडतो : माथा पायथ्याच्या मानाने १.४ पट अरुंद होतो. लेन्सचा यात काडीचाही दोष नाही. स्वस्त लेन्समध्ये सरळ रेषा पोटाशी फुगतात तो विकार वेगळा, त्याची औषधे वेगळी. इथे कॅमेऱ्याने जे पाहिले तेच प्रामाणिकपणे सांगितले आहे, आणि चारचौघांत नेमके तेच खटकते.

यावर सत्यवादी मंडळी आक्षेप घेतात : कॅमेरा खरे बोलत असेल तर त्याला सुधारणारे आपण कोण? आक्षेप वजनदार आहे, पण त्याच मंडळींच्या रेल्वेच्या फोटोत रूळ क्षितिजाशी एकमेकांना जाऊन मिळतात आणि ते सरळ करा म्हणून कोणी अर्ज करत नाही. नियम तोच, भूमितीही तीच; आडव्या रेषांना माफी आणि उभ्या रेषांना शिक्षा. कारण फोटो आपण भिंतीवर सरळ टांगतो. त्याच्या दोन्ही उभ्या कडा ओळंब्यासारख्या लोंबत असतात आणि आतला मनोरा त्यांच्याशी ताडून पाहिला जातो. ज्यांना सत्यच हवे त्यांच्यासाठी एक उपाय उपलब्ध आहे. फुलफ्रेम कॅमेरा उभा धरून २४ मिमी लेन्सने काढलेल्या अखंड फोटोची ३६ सेंटिमीटर उंचीची प्रत घ्यावी, तिचा माथा आपल्याकडे २२ अंश झुकेल अशी ती डोळ्यांच्या वर टांगावी, मान तितकीच मागे टाकावी, एक डोळा मिटावा आणि दुसरा प्रतीच्या मध्यापासून बरोबर २४ सेंटिमीटरांवर धरावा. मनोरा आपोआप ताठ उभा राहील. म्हणजे फोटो वाकवा किंवा प्रेक्षक वाकवा, असे दोनच मार्ग आहेत. प्रेक्षक बहुधा तयार होत नाहीत.

तेव्हा फोटोकडे वळू. उत्तम उपाय म्हणजे अपराध होऊच न देणे. कॅमेरा पाणसळीत, अगदी आडवा समोर धरला की उभ्या रेषा उभ्याच राहतात. फुलफ्रेम कॅमेरा उभा करून २४ मिमी लेन्स लावली, तर शेंडा मावण्यासाठी सुमारे १११ मीटर मागे जावे लागते. राजाबाई टॉवरपुढे ओव्हल मैदान असल्याने हे शक्य आहे. मात्र फोटोचा खालचा अर्धा भाग गवत आणि क्रिकेट यांना द्यावा लागतो. तो कापून टाकावा. कापण्याचे दुःख होत असेल त्यांच्यासाठी शिफ्ट लेन्स आहे. तिच्यात कॅमेरा समोरच बघतो, फक्त लेन्स वर सरकते. जुन्या भात्याच्या कॅमेऱ्यांत ही सोय होतीच. निकॉनने १९६२ च्या सुमारास आपल्या ३५ मिमी शिफ्ट लेन्सने ती लहान कॅमेऱ्यांतही आणली. २४ मिमीची लेन्स १२ मिमी वर सरकवली, की १११ मीटरांऐवजी सुमारे ६७ मीटरांवरून काम भागते. या लेन्सच्या किमतीत ओव्हलपर्यंत जन्मभर टॅक्सीने येता येईल, हा आक्षेप रास्त असून त्याला उत्तर नाही.

उरला गरिबांचा मार्ग, म्हणजे सॉफ्टवेअर. २०१३ मध्ये लाइटरूमच्या पाचव्या आवृत्तीत ‘अपराइट’ नावाची सोय आली आणि एका क्लिकवर मनोरे उभे राहू लागले. मात्र यात वरचा भाग ताणला जातो, म्हणजे जिथे कोरीवकाम सर्वांत बारीक तिथेच तपशील विरळ होतो. खालचे कोपरेही कापले जातात. म्हणून फोटो काढतानाच चहूबाजूंनी मोकळी जागा सोडावी. त्याहून मोठी चूक नुसते वरचे कोपरे बाहेर ओढणाऱ्यांची होते : रुंदी वाढते, उंची वाढत नाही आणि मनोरा बुटका दिसतो. यावर राजाबाई टॉवरनेच इलाज करून ठेवला आहे. त्याच्या अंगावर घड्याळ आहे आणि घड्याळाची तबकडी गोल असते. समोरून काढलेल्या फोटोत ती आडवी पसरट दिसली तर उंची वाढवावी, उभी लांबट दिसली तर कमी करावी. शेवटची सूचना संयमाची. जवळून पाहिलेला उंच मनोरा थोडा निमुळता दिसणार अशी नजरेची अपेक्षाच असते. रेषा तंतोतंत समांतर केल्या तर तो माथ्याकडे रुंदावल्यासारखा वाटतो. म्हणून अनुभवी लोक स्लायडर पूर्ण नेत नाहीत, किंचित अलीकडे थांबतात. प्रश्न सत्याचा असता तर ही सवलत देताच आली नसती.

काही इमारतींवर मात्र उपचार करू नयेत. कुतुबमिनार पायथ्याशी सुमारे १४.३ मीटर आणि माथ्याशी २.७५ मीटर रुंद आहे. सॉफ्टवेअरला तो शुद्ध अपराध वाटू शकतो आणि सुधारणेअंती गिरणीचे धुराडे हाती येते. ताजमहालाचे मिनार मुद्दामच किंचित बाहेर झुकवले आहेत, आणि पिसाच्या मनोऱ्याला सरळ केल्यास तिथल्या पर्यटनव्यवसायाचे काय होईल हे सांगायला नको. इथे सॉफ्टवेअरमध्ये आधाराच्या रेषा आजूबाजूच्या साध्यासुध्या घरांच्या भिंतींवर आखाव्यात आणि मुख्य पाहुण्याला त्याच्या स्वभावावर सोडावे.

शेवटचा आक्षेप कलावंतांचा, आणि तो सर्वांत अवघड. सोव्हिएत छायाचित्रकार अलेक्झांडर रॉडचेन्को यांनी १९२५ मध्ये मॉस्कोच्या म्यास्नित्स्काया रस्त्यावरील घराच्या बाल्कन्या थेट खालून टिपल्या. पोटाच्या उंचीवर कॅमेरा धरून समोर बघण्याच्या सवयीवरच त्यांचा राग होता. त्या फोटोंत एकही रेषा ओळंब्यात नाही, तरी त्यांना सरळ करण्याची कल्पना कोणाच्या मनात येत नाही. यावरून नियमाला अपवाद सापडला असे वाटेल. खरे तर पुरावाच मिळाला. पाच अंश कलला तर चूक, पन्नास अंश कलला तर शैली, हा भेद भूमिती करत नाही, समाज करतो. पाच अंशांत पाहणाऱ्याला निष्काळजीपणा दिसतो, पन्नास अंशांत हेतू. म्हणून मार्गदर्शनाचे सार एवढेच : कल इतका थोडा ठेवावा की कोणाला दिसू नये, नाहीतर इतका जास्त की विचारण्याची कोणाची छाती होऊ नये.